दीड मिलिमीटरची वाट

1930च्या दशकात प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत मोठा बदल होत होता. पोट न उघडता मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण आत घालायची, तिच्या टोकाच्या विजेच्या तारेने वाढलेली ग्रंथी आतून खरवडायची आणि लघवीची वाट मोकळी करायची, अशी ही नवी पद्धत. तिच्यात अडथळा होता तो रक्ताचा. ग्रंथीचा काप घेताना एखादी धमनी उघडी पडली की दुर्बिणीसमोरचे पाणी लाल होई, सर्जनला काही दिसेनासे होई, आणि टेबलावरचा रुग्ण बहुतेकदा साठी-सत्तरीचा, आधीच थकलेला असे. धमन्या नेमक्या कुठून शिरतात हे ठाऊक असते, तर त्या आधीच जाळून बंद करता आल्या असत्या.

1937 साली आयोवा विद्यापीठातला तरुण मूत्ररोगतज्ज्ञ रूबिन फ्लॉक्स याने या प्रश्नाला हात घातला. मृतदेहांतल्या प्रोस्टेटच्या धमन्यांमध्ये द्रव्य भरून त्याने त्यांचा ग्रंथीतला विस्तार तपासला आणि ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मूत्राशय आणि प्रोस्टेट जिथे जुळतात तिथे येणाऱ्या धमनीचे दोन गट होतात, असे त्याने दाखवले. एक गट आत वळून मूत्रमार्गाला समांतर जातो, दुसरा ग्रंथीच्या आवरणालगत खाली उतरतो. वयाबरोबर ग्रंथीचा जो आतला भाग फुगतो त्याला पहिला गट रक्त पुरवतो, आणि ग्रंथी मोठी होते तशा याच धमन्या जाड होतात. मूत्राशयाच्या मानेशी या धमन्या आधी गाठायच्या, मग पुढचे काम करायचे, हा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतला धडा फ्लॉक्सच्या या कामावर उभा आहे.

पण त्याचा अभ्यास ग्रंथीच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. तिथपर्यंत धमनी कोणत्या वाटेने येते, शरीरातल्या कोणत्या मोठ्या फांदीतून फुटते, आणि सगळ्यांच्या शरीरात ती तिथूनच फुटते का, हे प्रश्न त्याच्यासमोर आलेच नाहीत. त्याला ते विचारायची गरजही नव्हती. सर्जन मूत्रमार्गातून शिरत होता. धमनीची भेट त्याला शेवटच्या टप्प्यावरच व्हायची. शरीररचनेचे ज्ञान डॉक्टरचा हात जिथवर पोचतो तिथवर बारकाईने वाढते आणि पुढे बराच काळ थांबून राहते, असे मला या सगळ्या इतिहासातून दिसते. प्रोस्टेटच्या धमनीचा उगम नीट पाहायला फ्लॉक्सनंतर आणखी पाऊण शतक गेले, ते याच कारणाने.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे, मूत्रमार्गाला वेढून बसलेली सुमारे 20 ग्रॅमची ग्रंथी. व्हेनिसच्या निकोलो मासाने 1536 मध्ये तिचे वर्णन केले आणि 1538 मध्ये आंद्रेआस व्हेसेलियसच्या शरीरचित्रांत ती प्रथम दिसली. पुढची साडेतीन शतके ती दिसली, चिरली गेली, पण तिच्यावर खात्रीचा इलाज सापडला नाही. तो रूढ करणारा सर्जन भारतातून गेलेला होता. मूळचा आयर्लंडचा पीटर फ्रायर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वीसेक वर्षे उत्तर भारतात होता आणि मूतखडे मूत्राशयातच फोडून काढण्यात त्याने इथे नाव कमावले. लंडनला परतल्यावर सेंट पीटर्स हॉस्पिटलमध्ये डिसेंबर 1900 मध्ये त्याने ओटीपोटावर छेद घेऊन, मूत्राशय उघडून, वाढलेली ग्रंथी बोटाने सोलून काढली. श्रेय कोणाचे यावर तेव्हा कडाक्याचा वाद झाला, कारण असे प्रयत्न आधीही झाले होते. पण हजारावर रुग्णांवर ही शस्त्रक्रिया करून पद्धत रूढ केली ती फ्रायरनेच. ती सगळी शस्त्रक्रिया स्पर्शावर चालायची. धमन्या सर्जनला दिसत नसत, आणि त्या कुठून आल्या हे कळण्याआधीच तुटलेल्या असत.

जिवंत शरीरातली धमनी पाहण्याची शक्यता तोवर निर्माण झाली होती. 8 नोव्हेंबर 1895 रोजी राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच जानेवारीत व्हिएन्नामध्ये हाशेक आणि लिंडेंथाल या दोघांनी एका निर्जीव हाताच्या धमन्यांत चुना, हिंगूळ आणि पेट्रोलियमचे मिश्रण भरून त्याचे क्ष-किरण छायाचित्र काढले. त्यासाठी यंत्र 57 मिनिटे चालू ठेवावे लागले. हाताची हाडे फिकट आणि त्यांच्यामधून बोटांच्या टोकांपर्यंत गेलेल्या धमन्या ठळक, असे ते छायाचित्र आजही पाहणाऱ्याला थांबवून ठेवते. मात्र त्या मिश्रणाचा थेंबही जिवंत माणसाच्या अंगात घालणे शक्य नव्हते. क्ष-किरणांना अडवेल पण रुग्णाला मारणार नाही असे द्रव्य शोधण्यात तीन दशके गेली.

ते घडले लिस्बनमध्ये. इगास मोनिझ हा तिथला मज्जातंतूविकारांचा प्राध्यापक. पोर्तुगालचा परराष्ट्रमंत्रीही राहिलेला. मेंदूतल्या गाठीचा ठावठिकाणा मेंदूच्या धमन्यांच्या बदललेल्या मार्गावरून कळेल, असे त्याने धरले होते. संधिवाताने त्याचे हात वाकडे झाले होते, म्हणून सुई टोचण्याचे काम त्याचा तरुण सहकारी आल्मेदा लिमा करी. पहिल्या द्रव्याने एका रुग्णाचा जीव गेला; मग त्यांनी सोडियम आयोडाइड घेतले आणि जून 1927 मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूच्या धमन्या प्रथमच स्पष्ट उमटल्या. दोनच वर्षांनी, 1929 मध्ये, त्याच शहरात रेनाल्दो दोस सांतोस या सर्जनने आणखी धाडसाचे पाऊल टाकले. रुग्णाला भूल देऊन पालथे झोपवायचे, शेवटच्या बरगडीखालून पाठीत लांब सुई घालायची आणि थेट महाधमनीत टोचायची. तिच्यातून सोडलेले आयोडाइड खाली वाहत गेले की पोटातल्या आणि पायांतल्या मोठ्या धमन्या फिल्मवर उमटायच्या. हा दोस सांतोस मूत्ररोगांचाही जाणकार होता आणि पोर्तुगीज चित्रकला व वास्तुकलेचा नावाजलेला इतिहासकारही. चित्रे बारकाईने वाचायची सवय त्याला दोन्हीकडे उपयोगी पडली असेल, असे मानायला मला आवडते.

त्या छायाचित्रांत महाधमनी कंबरेजवळ दुभंगताना दिसते, मग ओटीपोटात उतरणारी फांदी दिसते. तिला डॉक्टर इंटर्नल इलियाक धमनी म्हणतात. मूत्राशय, गुदाशय, नितंब, जननेंद्रिय या सगळ्यांकडे जाणाऱ्या शाखा तिच्यातूनच फुटतात. प्रोस्टेटची धमनी म्हणजे या शाखांच्या शाखेचीही उपशाखा. दोस सांतोसच्या फिल्मवर ती दिसणे शक्य नव्हते. द्रव्य एवढ्या दुरून सोडले की ते शेकडो शाखांत वाटले जाई आणि एक-दीड मिलिमीटरच्या वाहिनीच्या वाट्याला जे येई ते हाडांच्या सावलीत हरवे.

याच काळातली एक दुःखद गोष्ट इथे नोंदवायला हवी. आयोडाइडने वेदना व्हायच्या, म्हणून 1930च्या आसपास थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य आले. ते टोचताना काहीच त्रास होत नसे आणि चित्र अतिशय सुंदर येई; मोनिझनेही ते वापरले. पण त्यात थोरियम होते. ते यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसे, आयुष्यभर तिथेच किरणोत्सार करी, आणि वीस-तीस वर्षांनी अनेकांना यकृताचा कर्करोग होई. धमनीचे चित्र पाहण्याची किंमत ज्यांनी अशी मोजली त्यांची नावे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

दुरून द्रव्य सोडण्याऐवजी हव्या त्या फांदीच्या तोंडाशी जाऊन ते सोडायचे, हा मार्ग 1953 मध्ये स्वीडनच्या स्वेन इव्हार सेल्डिंगरने खुला केला. आधी पोकळ सुई धमनीत घालायची, सुईतून लवचिक तार पुढे सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून बारीक नळी आत न्यायची. कापाकापी नाही, मोठी जखम नाही. तेव्हा तो स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होता. एवढ्या साध्या युक्तीवर डॉक्टरेट मिळणार नाही असे त्याला सांगण्यात आले आणि त्याने पुढे पित्तनलिकांच्या चित्रणावर प्रबंध लिहिला. आज जगभर हृदयाची अँजिओग्राफी होते ती त्याच साध्या युक्तीवर. हाडांची सावली पुसण्याचे काम वेगळ्याच वाटेने झाले. द्रव्य सोडण्यापूर्वीचे चित्र द्रव्य सोडल्यानंतरच्या चित्रातून वजा केले की मागे फक्त धमन्या उरतात, ही कल्पना डच डॉक्टर झीडसेस डेस प्लान्टेस याने 1930च्या दशकात फिल्म एकमेकींवर ठेवून अमलात आणली होती. 1970च्या दशकाच्या अखेरीस विस्कॉन्सिनमध्ये चार्ल्स मिस्ट्रेटा आणि सहकाऱ्यांनी ती वजाबाकी संगणकाकडे दिली. आता डॉक्टर रुग्णाजवळ उभा राहूनच, जवळपास त्याच क्षणी, पडद्यावर नुसत्या धमन्या पाहू शकत होता.

दरम्यान शरीररचनाशास्त्रज्ञ आपल्या पद्धतीने, शवविच्छेदनाच्या टेबलावर, काम करत होते. 1928 मध्ये क्योटोच्या बुंतारो अदाचीने जपानी माणसांच्या धमन्यांवर जर्मन भाषेत प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. इंटर्नल इलियाकच्या शाखा माणसागणिक किती वेगळ्या फुटतात, याचे त्याने केलेले वर्गीकरण आजही वापरले जाते. 1998 मध्ये यामाकी आणि सहकाऱ्यांनी 645 अर्ध-श्रोणी, म्हणजे ओटीपोटाच्या एकेक बाजू, तपासून ते सुटसुटीत केले. सुमारे 80 टक्के शरीरांत मोठ्या शाखांची एक नेहमीची मांडणी आढळते, उरलेल्यांत नाही. पण ही सगळी मोजदाद मोठ्या शाखांची होती. प्रोस्टेटच्या धमनीकडे खास लक्ष दिले ते ई. जे. क्लेगने. त्याचे निबंध 1955 आणि 1956 मध्ये आले. पुढे अर्धे शतक ते फारसे कोणी उघडले नाहीत.

इतकी विविधता का असते याचे उत्तर गर्भात आहे. वाढत्या गर्भाच्या ओटीपोटात आधी ठळक धमन्या नसतात, सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे असते. ज्या वाटेने रक्त जास्त वाहते ती रुंद होते आणि टिकते, बाकीच्या मिटतात. शेतात पावसाचे पाणी जिथून पहिल्यांदा वाट काढते तिथेच पुढे ओहोळ पडतो, तसेच हे. मूत्राशय, प्रोस्टेट आणि गुदाशय यांची वाढ शेजारी शेजारी होते, म्हणून त्यांच्याकडे जाणारे रक्त कोणत्या वाटेने जावे याचे अनेक पर्याय असतात. एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या बाजूलाही वेगवेगळे पर्याय टिकलेले आढळतात. त्यात रोग काही नाही, दोषही नाही. रक्त पोचल्याशी शरीराला मतलब.

ही विविधता महत्त्वाची ठरली ती धमनी बंद करायची वेळ आल्यावर. 1970च्या दशकात रक्तस्राव होणाऱ्या धमनीत नळी नेऊन ती आतूनच बुजवायची पद्धत रुळली. 1976 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटमधून होणारा अनावर रक्तस्राव अशा रीतीने थांबवल्याचे प्रसिद्ध केले. तिथे गाठ जिवाशी होती. इंटर्नल इलियाकच्या शाखा ढोबळपणे बंद केल्या तरी चालण्यासारखे होते. मग 1995 मध्ये पॅरिसहून जाक राव्हिनाचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये आला. गर्भाशयातल्या गाठींच्या शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून तो आधी गर्भाशयाच्या धमन्या बुजवून घेत असे, आणि मग काही स्त्रियांना शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही असे त्याच्या लक्षात आले. रक्त तोडले की गाठ आक्रसते.

प्रोस्टेटमध्येही तसेच होते हे एका 76 वर्षांच्या माणसामुळे कळले. न्यू जर्सीत जॉन डीमेरिट आणि सहकाऱ्यांनी त्याच्या प्रोस्टेटमधला न थांबणारा रक्तस्राव रोखण्यासाठी धमनीत सूक्ष्म कण सोडले. रक्त थांबले, आणि त्याच्या लघवीच्या तक्रारीही कमी झाल्या. पाच महिन्यांनी मोजले तेव्हा ग्रंथी निम्म्याहून लहान झाली होती, वर्षाने आणखी लहान. 2000 साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला आश्चर्य वाटते ते त्यानंतरच्या शांततेचे. जगभर कोट्यवधी वृद्ध रात्री चार-चारदा उठत होते आणि शस्त्रक्रियेच्या भीतीने दिवस ढकलत होते. आपल्याकडेही घरातल्या आजोबांची ही तक्रार वर्षानुवर्षे ‘वयाचेच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. तरीही पुढची आठ वर्षे कुठल्या रुग्णालयाने हा उपचार मुद्दाम केल्याची नोंद प्रसिद्ध झाली नाही. या खोळंब्याचे मोठे कारण धमनीतच होते, असे मला वाटते. गर्भाशयाची धमनी ठसठशीत असते आणि सहसा ठरलेल्या जागी सापडते. प्रोस्टेटची धमनी वृद्धांमध्ये वळणावळणांची, कडक झालेली, एक ते दोन मिलिमीटरची, आणि तिचे दार कुठे आहे हे आधी सांगता येत नाही अशी. शिवाय चुकीच्या फांदीत कण गेले तर मूत्राशयाची भिंत, गुदाशय किंवा शिश्नाची त्वचा रक्तावाचून मरू शकते.

जून 2008 मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठाच्या रुग्णालयात फ्रान्सिस्को कार्नेव्हाले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या वाढीवरचा मूळ इलाज म्हणून हा उपचार मुद्दाम केला. दोन रुग्ण होते, दोघांची लघवी अडलेली, दोघांना कायमची नळी घातलेली. एकाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या बुजवल्या, दुसऱ्याची एकाच बाजूची. दोघेही दहा ते पंधरा दिवसांत नळीशिवाय लघवी करू लागले. सहा महिन्यांनी सोनोग्राफीत पहिल्याची ग्रंथी सुमारे 40 टक्के लहान झालेली दिसली, दुसऱ्याची 25 टक्के. एका बाजूची धमनी हाती लागली नाही तर काय गमावले जाते, हे त्या दोन आकड्यांत सरळ दिसते.

पुढच्या वर्षी लिस्बनमध्ये जुवांव पिस्कोने हे काम हाती घेतले. मोनिझ आणि दोस सांतोस यांच्या शहरात तीन पिढ्यांनी पुन्हा धमन्यांच्या चित्रणाचे मोठे काम सुरू झाले, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. शहरांनाही हातांची परंपरा असते. पिस्कोच्या पहिल्या 15 रुग्णांचा अहवाल 2011 मध्ये आला. त्यांतल्या एकाच्या मूत्राशयाच्या भिंतीचा दीड चौरस सेंटिमीटरचा तुकडा रक्तावाचून निकामी झाला आणि तो शस्त्रक्रियेने काढावा लागला. पिस्कोने ते लपवले नाही, अहवालात लिहिले. त्या एका तुकड्याने जगभरच्या या क्षेत्रातल्या डॉक्टरांना सांगितले की धमन्यांचा नकाशा आता टाळता येणार नाही.

तो नकाशा काढायला बसला पिस्कोचा तरुण सहकारी तियागो बिल्यीम. आधी हातातून टोचलेल्या द्रव्यावर सीटी अँजिओग्राफी, मग प्रत्यक्ष नळी घालून काढलेली चित्रे, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहणे. 2012 मध्ये त्याने 75 पुरुषांच्या 150 बाजूंचा हिशेब मांडला. निम्म्याहून थोड्या जास्त, 57 टक्के, बाजूंना प्रोस्टेटची एक धमनी होती आणि उरलेल्या 43 टक्क्यांना दोन स्वतंत्र. उगम सर्वांत जास्त वेळा, सुमारे एक तृतीयांश धमन्यांत, जननेंद्रियाकडे जाणाऱ्या इंटर्नल प्युडेंडल धमनीतून. पाचांत एक धमनी मूत्राशयाच्या वरच्या धमनीशी एकाच खोडातून फुटलेली. त्यापेक्षा थोड्या कमी धमन्या नितंब आणि प्युडेंडल यांच्या सामायिक खोडातून. साडेबारा टक्क्यांच्या आसपास मांडीच्या आतल्या बाजूला जाणाऱ्या ऑब्ट्युरेटरमधून. आणि आठ टक्क्यांच्या आसपास गुदाशयाच्या धमनीशी जोडलेल्या. निम्म्याहून अधिक बाजूंना शेजारच्या धमन्यांशी जोडवाटाही आढळल्या.

क्रमिक पुस्तकातले ‘प्रोस्टेटला मूत्राशयाच्या खालच्या धमनीतून रक्तपुरवठा होतो’ हे वाक्य या मांडणीपुढे फारच अपुरे पडते. ते खोटे नाही. फ्लॉक्सच्या कामाला ते पुरलेही होते. पण मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून आत निघालेल्या डॉक्टरला ते कुठल्याच वळणावर उपयोगी पडत नाही.

2015 मध्ये साओ पाउलोच्या गटाने, आंद्रे दे आसिस याच्या निबंधात, 143 पुरुषांच्या 286 बाजू तपासून पाच प्रकारांचे वर्गीकरण मांडले. ते कामाचे आहे म्हणून टिकले. पहिल्या प्रकारात मूत्राशयाच्या वरच्या धमनीबरोबर सामायिक खोड, 28.7 टक्के, दुसऱ्यात तिच्या खालून स्वतंत्र फांदी, 14.7, तिसऱ्यात ऑब्ट्युरेटरमधून, 18.9, चौथ्यात इंटर्नल प्युडेंडलमधून, 31.1, आणि या चारांत न बसणाऱ्या सगळ्या दुर्मिळ वाटा पाचव्यात, 5.6 टक्के. लिस्बनचे आणि साओ पाउलोचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि ते साहजिकच आहे: मोजण्याचे निकष वेगळे, माणसे वेगळी. जुळते ते एवढेच की एकाही प्रकाराला निम्मा हिस्सा मिळत नाही. इथे ‘नेहमीची’ म्हणावी अशी धमनीच नाही.

हे पाहण्यासाठी यंत्राचा कोनही शोधावा लागला. समोरून चित्र घेतले तर ओटीपोटातल्या सगळ्या शाखा एकमेकींवर पडतात आणि नुसता गुंता दिसतो. क्ष-किरणांचा हात ज्या बाजूची तपासणी त्याच बाजूला सुमारे 35 अंश तिरका आणि पायांकडे 10 अंश कलता केला की गुंता सुटतो. प्युडेंडल खाली उतरताना दिसते, ऑब्ट्युरेटर पुढे निघून शेवटी दुभंगते, आणि त्यांच्यामधून नागमोडी वळणे घेत प्रोस्टेटकडे जाणारी बारीक धमनी वेगळी ओळखू येते. मग तिच्यात मिलिमीटरहूनही बारीक सूक्ष्मनळी शिरवायची. या टप्प्यावर डॉक्टर तासन् तास घालवतात. धमनी आक्रसते, नळी मागे सरकते, पुन्हा प्रयत्न. रुग्ण जागा असतो.

तरीही सपाट चित्र फसवू शकते, कारण पडद्यावर उमटलेला काळसर डाग प्रोस्टेटचा आहे की तिच्या मागे चिकटून असलेल्या गुदाशयाचा, हे एका कोनातून सांगता येत नाही. यावर उपाय म्हणून 2013 च्या सुमारास कोन-बीम सीटी वापरात आले. तोच क्ष-किरणांचा हात रुग्णाभोवती काही सेकंदांत फिरतो आणि सूक्ष्मनळीतून सोडलेले द्रव्य नेमके कोणत्या अवयवात पोचले याचे त्रिमितीय चित्र उभे करतो. द्रव्य गुदाशयाच्या भिंतीत किंवा शिश्नाकडे जाताना दिसले, तर कण सोडायचे नाहीत. नळी आणखी पुढे न्यायची, किंवा ती जोडवाट धातूच्या इवल्याशा गुंडाळीने आधी बंद करायची. काही पुरुषांमध्ये प्रोस्टेटवरून जाणारी जादा प्युडेंडल धमनी शिश्नाला रक्त पुरवते. पूर्वी ती फक्त कर्करोगासाठी पूर्ण प्रोस्टेट काढणाऱ्या सर्जनना ठाऊक होती. आता ती आधी शोधणे हा या कामाचाच भाग झाला.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 2016 मध्ये पिस्कोच्या गटाने 630 रुग्णांचा दीर्घ अनुभव मांडला. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारासाठीच्या कणांना मान्यता दिली आणि 2018 मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने आपला आधीचा ‘फक्त संशोधनापुरता’ हा शेरा मागे घेतला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलेनमधून आलेल्या तुलनात्मक चाचणीने स्पष्ट केले की लघवीचा प्रवाह दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने जास्त सुधारतो, पण धमनी बुजवण्याचे दुष्परिणाम कमी असतात. लिस्बनच्या गटाने याहून अवघड परीक्षा दिली. 80 पुरुषांपैकी निम्म्यांना खरा उपचार आणि निम्म्यांना कण न सोडता नुसता तसा आभास, अशी चाचणी त्यांनी केली. ती 2020 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात फायदा खरा ठरला.

न सुटलेला वाद आहे तो चित्रणाचाच. लिस्बनच्या परंपरेत प्रत्येक रुग्णाची आधी सीटी अँजिओग्राफी होते. जिभेखाली नायट्रोग्लिसरिन देऊन धमन्या रुंदावल्या की उगम बऱ्यापैकी खात्रीने दिसतो, आणि डॉक्टर आत शिरण्याआधीच ठरवतो की डावीकडे प्युडेंडलमधून जायचे, उजवीकडे ऑब्ट्युरेटरमधून. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या गटानेही आपल्या रुग्णांच्या अनुभवावरून या आधीच्या सीटीची बाजू मांडली. उलट मताचे डॉक्टर म्हणतात, तिरका कोन आणि पाच प्रकार मनात पक्के असले की टेबलावरची अँजिओग्राफी पुरते. मग वृद्ध माणसाच्या मूत्रपिंडांवर आयोडीनच्या द्रव्याचा आणि शरीरावर किरणांचा जादा भार कशाला? मला पहिली बाजू जास्त पटते, विशेषतः जिथे डॉक्टरांच्या गाठीशी शेकडो रुग्णांचा अनुभव नाही तिथे. आधी दिलेली सीटीची मात्रा टेबलावरच्या शोधाशोधीत वाचू शकते. पण मूत्रपिंडे आधीच कमकुवत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मी हा आग्रह धरणार नाही. अशांसाठी द्रव्याचे प्रमाण कमी ठेवून थेट टेबलावर शोध घेणे, आणि एखाद्या बाजूचा उगम सापडलाच नाही तर दुसऱ्या बाजूवर थांबणे, हेच आज डॉक्टर करतात. साओ पाउलोच्या त्या दुसऱ्या रुग्णाला एका बाजूनेही नळीपासून सुटका मिळाली होती, हे त्यांना ठाऊक असते.